रेझॅं म्हणजे द्राक्ष! (तिसरी-चौथीच्या मुलांना फ्रेंच शिकवताना)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी सांगलीची. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, लग्नानंतर पुन्हा इकडे आले. गेली ३ वर्षं इथल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरी-चौथीला फ्रेंच शिकवते. आठवड्याला ३५ मिनिटांचे २ तास, वर्गात ३८ मुलं. माध्यम इंग्रजी असलं तरी मुलं आपलीच. विश्रामबाग, माधवनगर, बुधगाव, काही तर तासगावच्या बाजूने बसने येणारी. घरी सगळ्यांची मराठी.

पहिल्या वर्षी पुस्तकात होतं तसं इंग्रजीतून शिकवलं. फळांचा धडा आला. फळ्यावर द्राक्षांचा घड काढला आणि खाली फ्रेंच शब्द लिहिला. द्राक्षाला फ्रेंचमध्ये 'रेझॅं' म्हणतात, पण स्पेलिंग इंग्रजी 'रेझिन'चंच, एका अक्षराचाही फरक नाही. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "टीचर, म्हणजे बेदाणा!" मी म्हणतेय द्राक्ष, मुलं म्हणतायत बेदाणा. बेदाण्याच्या मुलखातली पोरं ती, ऐकतात होय! शेवटी खडू खाली ठेवला आणि सरळ मराठीत सांगितलं. रेझॅं म्हणजे द्राक्ष. सेक म्हणजे सुकं. रेझॅं सेक म्हणजे बेदाणा. आणि फ्रेंचमध्ये 'ग्राप' म्हणजे घड. इंग्रजीने त्यांचा घडाचा शब्द उचलून द्राक्षाला लावला आणि द्राक्षाचा शब्द उचलून बेदाण्याला. एवढं सांगायला २ मिनिटंही लागली नाहीत. त्यानंतर एकाही मुलाची त्या शब्दात चूक झाली नाही.

पुढच्या तासाला फ्रान्सचा नकाशा लावला. बोर्दो शहरावर बोट ठेवून नाव वाचलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, हे तर औषध आहे." तासगावकडचा मुलगा, तोवर वर्गात तोंडातून शब्द न काढलेला. म्हटलं, सांग बघू कसलं औषध. आणि तो उठून सांगायलाच लागला. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लॅस्टिकच्या बॅरलमध्येच करायचं. मग लोखंडी खिळा बुडवून बघायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. "नाहीतर पानं करपतात, टीचर." बोलता बोलता खिळा बुडवायची खूण करत होता. बोटांच्या कडांना निळसर डाग होते.

मग मी त्या औषधाची जन्मकथा सांगितली. बोर्दोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडायचे, का तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत. मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की बाकीच्या बागा केवडा नावाच्या रोगाने गेल्या, पण या वेली हिरव्यागार आहेत. त्याने प्रयोग केले आणि १८८५ साली ते मिश्रण जगासमोर मांडलं. फ्रेंचमध्ये त्याला 'बुयी बोर्दलेझ' म्हणतात. बुयी म्हणजे पेज. बोर्दोची पेज! त्या मुलाने घरी जाऊन वडिलांना हे नाव सांगितलं, आणि दुसऱ्या आठवड्यात वडील शाळेच्या फाटकाशी थांबून मला विचारत होते, "मॅडम, ते पुन्हा एकदा म्हणून दाखवा की."

तेव्हापासून एक ठरवलं. आपल्या मुलांना फ्रेंच शिकवायचं तर ते मराठीच्या पायावर. इंग्रजीची पायरी मध्ये नकोच.

मराठी मुलाकडे किती तयार माल असतो बघा. फ्रेंचचे त आणि द आपल्यासारखे दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजीतून शिकवलं की मुलं त्याचे ट-ड करतात, 'त'चा त म्हटलं की लगेच जमतं. तू आणि तुम्ही हा भेद इंग्रजीच्या वाटेने समजवायला अर्धा तास जातो. मराठीत सांगा, मित्राला 'त्यू', आजोबांना 'व्हू'. संपलं. अनेकांना आणि आदराने एकाला एकच शब्द, हेसुद्धा आपल्या 'तुम्ही'सारखंच. विशेषणं बदलतात, ब्लाँ आणि ब्लाँश. मुलं म्हणतात, "पांढरा आणि पांढरी, त्यात काय!"

लिंगाची गंमत मात्र वेगळी. फ्रेंचमध्ये दोनच लिंगं. एका मुलीने विचारलं, "मग 'ते' कुठे गेलं?" घर ते, पण 'मेझों' ती. पुस्तक ते, पण 'लीव्ह्र' तो. आणि चंद्र! फ्रेंचमध्ये चंद्र स्त्रीलिंगी, 'ला ल्यून'. वर्गात एकदम शांतता. मग पहिल्या बाकावरची चिमुरडी म्हणाली, "म्हणजे चांदोमामा तिकडे मावशी?" सगळ्या शाळेत पसरलं ते.

दुसरी गोष्ट मी शिकले ती लिहिण्याबद्दल. मराठीत जसं लिहितो तसं म्हणतो. त्यामुळे आपल्या मुलासमोर फ्रेंच शब्द लिहून ठेवला की तो प्रत्येक अक्षर इमानाने उच्चारतो. 'पेती'चं 'पेटिट' होतं आणि ते पुढे सुटता सुटत नाही. म्हणून पहिलं अर्धं वर्ष मी लिहायला देतच नाही. 'शिवाजी म्हणतो' खेळतो, फ्रेंच मुलं तोच खेळ 'झाक आ दी' म्हणून खेळतात. र साठी गुळण्या केल्याचा आवाज काढतो. 'त्यू'मधल्या स्वरासाठी तोंडाने ई म्हणायचं आणि ओठ ऊचे करायचे. 'झूर'मधला पहिला आवाज मराठीत नाही, त्यासाठी श म्हणता म्हणता घसा घुमवायचा, गळ्याला हात लावून बघायचं. अक्षरं येतात ती नंतर, आणि येताना 'डेपो' घेऊन येतात. एसटीचा डेपो, लग्नातला बुके, लग्नातलाच बुफे. तिन्ही शब्द मूळ फ्रेंच, तिन्हींच्या शेवटी न उच्चारलेला ट. हे रोज तोंडात असतातच, म्हणून मूक अक्षर मुलांना परकं वाटत नाही.

आता अडचण. यंदा वह्यांच्या तपासणीत फ्रेंचची वही कोरी निघाली. शिवाय माझ्या तासाला मराठी ऐकू येतं अशी तक्रार गेली. मला बोलावून सांगितलं गेलं, की पालक फी भरतात ती वर्गात मराठी बोलायला नाही, दर आठवड्याला २० शब्दांचं स्पेलिंग लिहून घ्या. मी गप्प बसले. घरी येऊन रडले, खोटं कशाला बोलू. मुलांचे कान आत्ता कुठे उघडलेत. तुम्ही पालक असाल, शिक्षक असाल, तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा.

माणिकचमन

ताई, लई भारी लिवलंय. २ एकर बाग आहे आमची, कवठेमहांकाळकडं. इतकी वर्षं बोर्डो मारतोय, पण ते गावाचं नाव हाय हे आज कळलं. खिळ्याची परीक्षा मला वडिलांनी शिकवली, पोरगं पण तसंच बघून शिकलं. कुठं वहीत लिहून घेतलं नव्हतं.

आई_दोघांची

लेख वाचताना डोळ्यांत पाणी आलं, पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडते. माझी दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात. मराठी, इंग्रजी, हिंदी आणि वर फ्रेंच. मागच्या वर्षी मोठ्याची फ्रेंचची वही बघितली, पानं भरलेली. त्याला विचारलं, बोल एक वाक्य, तर नाव सांगण्यापुढे गाडी जाईना. आम्हाला वही दिसते म्हणून आम्ही वही मागतो. कान उघडलेला पालकांना दिसणार कसा? त्याचं काहीतरी करा, म्हणजे आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू.

एक गंमत सांगते. त्याला आकडे पाठ होत नव्हते. फ्रेंचमध्ये ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस आणि ९० म्हणजे चार-वीस-दहा. तो चिडून म्हणाला, असं कोण मोजतं! आमच्या सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी मोजते की. तीन इसा धा, चार इसा, चार इसा धा." शाळेत कधी गेल्या नाहीत, पेंढ्या आणि गोवऱ्या आयुष्यभर विसावर मोजल्या. त्या रात्री आजी-नातू विसा-विसावर १०० पर्यंत मोजत बसले होते.

कृष्णाकाठ

@आई_दोघांची, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. चार इसा! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? उद्याच वर्गात घेते. आणि कान दिसणार कसा, हा प्रश्न अगदी बरोबर आहे. विचार करते.

शाळामास्तर

बाई, मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. माझं मत थोडं कडू लागेल. प्राथमिक वयात परदेशी भाषा विषय म्हणून लादू नये असं मला मनापासून वाटतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्यावर भर आहे आणि फ्रेंच, जर्मन, जपानी वगैरे भाषा माध्यमिक टप्प्यावर द्यायचं म्हटलंय. गेल्या वर्षी पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला तेव्हा महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं, आणि २९ जून २०२५ला तो मागे घ्यावा लागला. लहान मुलाच्या पाठीवर किती भाषा ठेवायच्या, हा प्रश्न हिंदीला लागू असेल तर फ्रेंचलाही आहे.

पण तुमच्या पद्धतीबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण ती मी जगलोय. जत तालुक्यात कर्नाटक सीमेलगतच्या गावात माझी ९ वर्षं गेली. मुलं घरी कानडी बोलणारी, शाळा मराठी. पहिल्या वर्षी मी आल्या आल्या बाराखडी घेतली. मुलं पाटीवर सुंदर अक्षर काढायची आणि तोंडाने एक वाक्य बोलायची नाहीत. एके दिवशी एक पोर पोट धरून बसलं. दुखतंय, हे त्याला मराठीत सांगता येईना, आणि मला कानडीत विचारता येईना. दुसऱ्या दिवशी मी गावातल्या किराणा दुकानदाराकडून कानडीतले ५० शब्द लिहून घेतले. हात, पाय, भूक, तहान, दुखतंय. मुलांचा शब्द आधी, मग माझा. दिवाळीपर्यंत पाटी बाजूला ठेवली. दिवाळीनंतर तीच मुलं मराठीतून भांडायला लागली, तेव्हा मी म्हटलं आता लिहा.

मुलाच्या घरची भाषा वर्गाबाहेर ठेवली की मूलही अर्धं बाहेरच राहतं. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चुकीचं आहे. डगमगू नका.

कृष्णाकाठ

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सक्ती नको, हे मला शंभर टक्के मान्य. माझ्या हातात असतं तर चौथीपर्यंत फ्रेंचला ना गुण ठेवले असते, ना परीक्षा. ज्याला आवडेल त्याने यावं. पण शाळेच्या वेळापत्रकात तो तास आहेच, तर त्या ३५ मिनिटांत मुलं आनंदात राहावीत, एवढं मी करू शकते.

तंबोरा

मिरजेहून. आमच्याकडे मुलगा तंबोरा बनवायला शिकायला आला की आधी कित्येक महिने फक्त ऐकतो. जवारी, म्हणजे तारेचा झणकार, कशी लागली ते कानाला कळेपर्यंत हातात कानस देत नाहीत. भाषा काय वेगळी?

अजिंक्यतारा

साताऱ्याहून रामराम. इतिहासाचा शिक्षक आहे, फ्रेंचचा गंधही नाही. पण मराठीच्या पायावर म्हणताय, तर एक वीट माझीही घ्या. महादजी शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीच्या पलटणी, उभे केले ते आजच्या फ्रान्समधल्या शांबेरीच्या बन्वा द ब्वान्य या सेनानीने, आपल्या बखरी-पुस्तकांतला डिबॉइन. आणि शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड, आमच्या कोरेगाव तालुक्यातलं. सातारा-सांगलीच्या मुलांना 'माझं नाव अमुक, मी अमुक गावचा' हे वाक्य शिकवताना महादजी आणि ब्वान्य यांची भेट करून दाखवा. एक म्हणेल मी कण्हेरखेडचा, दुसरा म्हणेल मी शांबेरीचा. फेटा माझ्याकडून.

दूरदेशी

अजिंक्यतारा सर, अंगावर काटा आला वाचून. मी मूळचा इस्लामपूरचा, सध्या फ्रान्समध्ये ग्रनोब्लला. शांबेरी इथून तासाभराच्या अंतरावर आहे. त्या गावच्या भर चौकात ब्वान्यच्या स्मरणार्थ १८३८ साली उभारलेलं कारंजं आहे, चार दिशांना तोंडं केलेले चार हत्ती, सोंडेतून पाणी पडतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आल्प्सच्या पायथ्याशी हत्ती कुठून आले कळेना. मग पाटी वाचली. बायकोला म्हटलं, हे आपल्या पाटीलबाबांचे, महादजींचे हत्ती.

कृष्णाकाठताई, तुमच्या कोऱ्या वहीबद्दल. माझी मुलगी इथल्या शाळेत जाते. फ्रान्समध्ये २०१९पासून वयाच्या ३ वर्षांपासून शिक्षण सक्तीचं आहे. पण पहिली ३ वर्षं बालशाळेची. तिथे गाणी, बडबडगीतं, चिखल, रंग, गप्पा. अक्षरओळख होते, पण नीट वाचायला-लिहायला शिकवतात ते ६व्या वर्षी. म्हणजे ज्यांची ती मातृभाषा, ती मुलंसुद्धा आधी वर्षानुवर्षं कानानेच शिकतात. आणि तरी चुकतात! पक्षी म्हणजे 'व्वाझो', पण अनेक पक्षी म्हणताना मधे झ येतो, 'ले झ्वाझो'. इथली लहान मुलं मग एका पक्ष्यालाही 'झ्वाझो' म्हणतात. कानाने शिकल्याची खूण आहे ती. तुमच्या वर्गात कुणी असं चुकलं तर पाठ थोपटा.

आई_दोघांची

मला परीक्षेबद्दल विचारायचं होतं. पुढे प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर लिखाण लागणारच ना?

कृष्णाकाठ

लागतं, पण किती ते बघा. प्राथमिक वयाच्या मुलांसाठी 'देल्फ प्रिम' नावाची परीक्षा असते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकाला २५ गुण. १०० पैकी ५० मिळाले की पास, फक्त कुठल्याही भागात ५ पेक्षा खाली जायचं नाही. म्हणजे निम्मे गुण कान आणि तोंडाचे. हे मी कागदावर मांडून शाळेत दाखवायचं ठरवलंय. आणि कान दिसण्याचं म्हणाल, तर एक सुचलंय. झालं की कळवते.

माणिकचमन

ताई, काही लागलं तर सांगा. घड लागले तर जानेवारीत हाक मारा, क्रेट पाठवतो वर्गाला.

कृष्णाकाठ

(तीन आठवड्यांनी)

कळवते म्हटलं होतं, कळवते.

पालकसभेत १० मिनिटं मागून घेतली. भाषण केलं नाही. वर्गातल्या टेबलावर भाजीबाजार मांडला. द्राक्षं, केळी, भेंडी, बेदाणा, हळकुंडं. पालकांना सांगितलं, तुम्ही गिऱ्हाईक व्हा, मुलं दुकानदार. फ्रेंचमध्ये 'किती?' कसं विचारायचं तेवढं एक वाक्य पालकांना शिकवलं, आणि ते शिकवलं मुलांनीच. "बाबा, ट नाही, त! जीभ दाताला लावा." एका वडिलांना चारदा म्हणायला लावलं. तासगावच्या त्या मुलाने बेदाण्याची वाटी पुढे केली आणि म्हणाला, "रेझॅं सेक." मग घड उचलला, "ग्राप." मग एक मणी तोडून, "रेझॅं." कुणीही सांगितलं नव्हतं. त्याची आई मागे भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडाला लावून.

मुख्याध्यापिका शेवटपर्यंत थांबल्या. दिवाळीपर्यंत लिखाण नको, हे मान्य झालंय. मराठीतून समजावलं तर हरकत नाही, पण 'तास मराठीचा होऊ नये' असं बजावलंय. ते मला मान्य आहे, तसा तो होऊही नये. दोन पालक अजून नाराज आहेत, त्यांना वही हवीच आहे. आणि पाचवीत गेल्यावर या मुलांना फ्रेंच कोण शिकवणार, पुन्हा पहिल्या नमस्कारापासून सुरुवात होणार का, याचं उत्तर मिळालेलं नाही. दरवर्षी शिक्षक बदलतात आणि मुलं दरवर्षी नमस्कारच शिकतात. त्यासाठी भांडावं लागेल.

महादजी आणि ब्वान्यची भेट बसवतोय. फेटा पाठवा सर, खरंच पाठवा.

दूरदेशीदादा, एक विनंती. तुमच्याकडच्या आठवडी बाजारात कुणी द्राक्षं विकणारे असतील तर त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवाल का? त्यांना विचारून. मुलांना खऱ्या बाजारातलं फ्रेंच ऐकवायचंय.

दूरदेशी

शनिवारी बाजार भरतो, एक ओळखीच्या काकू बसतात द्राक्षं घेऊन. नक्की विचारतो. मुलांना त्यांना काही विचारायचं असेल तर लिहून पाठवा, मी उत्तरं आणतो.

कृष्णाकाठ

आज वर्गात विचारलं, ३८ हात वर. त्यातले तीन पाठवते, मुलांनीच निवडलेले.

तुमच्याकडे बेदाणा शेडवर वाळवतात का उन्हात?

छाटणीनंतर पाऊस आला तर तुम्ही पण रात्री औषध मारायला उठता का?

आणि तिसरा पहिल्या बाकावरून आलाय: काकूंना विचारा, लहानपणी त्यांची आई त्यांना चंद्र दाखवून काय म्हणायची.